पहिली मूठ

ड्रेस्डेन
मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६

आई,

आज मामाच्या अस्थी मातीत ठेवल्या. सकाळी साडेदहाची वेळ मिळाली होती. कामावर रजा टाकली, ट्रामनं शेवटच्या थांब्यापर्यंत गेले आणि तिथून चालत. पाऊस नव्हता, गार वारा होता. मी धरून चार माणसं. काळा कोट घातलेल्या माणसानं कलश आणला, खड्ड्यात सोडला, टोपी काढली. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. नंतर थिएटरमधल्या लोकांनी आग्रह केला म्हणून त्यांच्याबरोबर कॉफी घेतली, केकही खाल्ला. दुपारी घरी आले. आता बाहेर रस्त्यावरचे दिवे लागलेत आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहिते आहे.

तुला मी कधी पत्र लिहिलेलं नाही. होस्टेलवर होते तेव्हा पत्र बाबांच्या नावानं असायचं आणि शेवटी 'आईस नमस्कार' एवढीच तुझी ओळ. तू जाऊन सतरा वर्षं झाली. त्यातली गेली पाच वर्षं मी या गावात आहे, तुझ्या भावापासून ट्रामनं अर्ध्या तासावर. हे तुला सांगावंसं फार वेळा वाटलं. सांगायचं कुठे, हा प्रश्न होता. तो आजही तसाच आहे, तरी लिहिते.

इथल्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा मामा याच गावात असेल असं मला ठाऊक नव्हतं. तो जर्मनीत गेला एवढंच आपल्या घरात माहीत होतं, आणि तेही कुणी मोठ्यानं म्हणत नसे. इथल्या पोस्टात टेलिफोनची जाड डिरेक्टरी असायची. एकदा रांगेत उभी असताना सहज तुझं माहेरचं आडनाव काढून बघितलं. एकच होतं. तो नंबर पर्समध्ये घालून मी कितीतरी आठवडे फिरले. मग एका रविवारी लावला. पलीकडच्या माणसानं आडनाव सांगितलं आणि तो थांबला. इथे फोन उचलला की असंच करतात. मी मराठीत म्हटलं, "मी अक्काची मुलगी बोलतेय." मला वाटलं, मराठी विसरला असेल. मग तो म्हणाला, "अक्का कशी आहे?"

त्याला माहीतच नव्हतं. मी म्हटलं, "मामा, ती गेली. बरीच वर्षं झाली." तो म्हणाला, "थांब हं. फोन ठेवू नकोस." रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज आला आणि मग लांबून नळाचा. पाणी पडत राहिलं. कितीतरी वेळानं तो परत आला, श्वास लागलेला. "आलो," म्हणाला, "डोक्यावरून पाणी घेतलं. आता बोल." त्या माणसाच्या घरात देव नव्हता, उदबत्ती नव्हती, मराठी बोलायला कुणी नव्हतं. पण बहिणीची बातमी कळली की डोक्यावरून पाणी घ्यायचं, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

त्याच्या स्वतःच्या नावानं झालेली आंघोळ तुला सांगायची गरज नाही, तू तिथे होतीस. पण मला त्यातलं काय आठवतं ते लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मी सात वर्षांची. मे महिन्याच्या सुट्टीत आपण तुझ्या माहेरी आलोय. दुपारच्या टपालानं मामाचं पाकीट येतं. आत एक फोटो: मामा कोटात, शेजारी पांढरी टोपी घातलेली जर्मन मामी, तिच्या हातात फुलं. आबा फोटो उलटा करून मागचा मजकूर वाचतात, चष्मा काढतात, आणि ज्या कोर्टात ते नाझर होते तिथे निकाल वाचतात तशा आवाजात म्हणतात, "आपला मुलगा गेला. सगळ्यांनी आंघोळी करून घ्या." मला वाटलं मामा खरंच मेला. मी रडायला लागले तर आजी म्हणाली, "अगं, आहे तो, आहे," आणि मग तीच माझ्यापेक्षा जास्त रडायला लागली.

बंब सकाळीच विझलेला होता. गार पाण्याच्या आंघोळी. आधी आबा, मग आजी, मग तू मला आत नेलंस. डोक्यावर तांब्या ओतलास तेव्हा मे महिना असूनही मी किंचाळले. मला पंच्यात गुंडाळून बाहेर उभं केलंस, परत आत गेलीस आणि कडी लावलीस. पाणी पडल्याचा आवाज आला. मोरीतून वाहत ते अळवाच्या वाफ्यात गेलं, तेही मी बघितलं. तू बाहेर आलीस ती डोक्यावरून पदर घेऊन. आबांनी सांगितलं की आज चूल पेटवायची नाही. मयताच्या घरी शेजारचे पिठलं-भात आणून देतात हे मला माहीत होतं, म्हणून मी दाराकडे बघत बसले. पण शेजारी कशाला येतील? कुणी मेलंच नव्हतं. दिवेलागण झाली तरी कुणी आलं नाही. मग तू उठलीस आणि स्टोव्हला पंप मारायला लागलीस. ओसरीवरून आबा म्हणाले, "आज घरात चूल पेटत नसते. कळतं ना?" तू मान वर न करता म्हणालीस, "चूल नाही, स्टोव्ह आहे." तेवढंच. त्यानंतर त्या घरात मामाचं नाव निघालं नाही, आणि आपल्या घरातही नाही. मी नववीत असताना एकदा जेवता जेवता तुला विचारलं होतं, "मामा हल्ली कुठे असतो गं?" तू म्हणालीस, "ताटात बघ." मी ताटात बघितलं. पुढे मोठी झाल्यावर मला त्याचा राग यायचा. वाटायचं, पाठचा भाऊ आणि ही एक शब्द बोलत नाही, बापापुढे नाही, नवऱ्यापुढे नाही, पोरीपुढेही नाही. तुला हे कधी म्हटलं नाही, पण तुझ्याशी कमी बोलायचे त्याचं एक कारण तेही होतं.

मामा इथे यंत्रशास्त्र शिकायला आला होता, बर्लिनची भिंत होती त्या काळात, शिष्यवृत्तीवर. मामी एका छोट्या थिएटरात कपडे शिवायची. शिक्षण अर्धवट राहिलं आणि तोही त्याच थिएटरात लागला, नाटकाला लागणाऱ्या वस्तू सांभाळायच्या कामावर: तलवारी, दिवे, पत्रं, खोटी फळं. तीस वर्षं तेच केलं. मी भेटले तेव्हा मामी जाऊन दोन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पहिल्या दिवशी मी त्याला "तुम्ही" म्हटलं तर तो म्हणाला, "मामाला तुम्ही म्हणतात का गं? कुणी शिकवलं, बापानं? आल्झो, परत म्हण." त्याचं मराठी तो निघाला त्या वर्षी थांबलेलं होतं आणि मधे मधे हे असे जर्मन शब्द. मी कारखान्यात काय करते ते त्यानं नीट समजून घेतलं. आम्ही डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झगे घालतो, कारण धुळीचा एक कण पडला तर माल वाया जातो, असं मी सांगितलं. तो खूप हसला. म्हणाला, "तू दिवसभर धूळ काढायची आणि मी टाकायची. घर असंच चालतं."

तो टाकायचा ती माती अँटिगनीसाठी असायची. तुला ती गोष्ट माहीत नसणार, मलाही नव्हती. ग्रीकांची फार जुनी कथा आहे. दोन भाऊ राज्यासाठी लढतात आणि दोघंही मरतात. नवा राजा हुकूम काढतो की एकाला मानानं पुरायचं आणि दुसऱ्याचं प्रेत उघड्यावर टाकायचं. जो त्याच्यावर माती घालेल त्याला मरण. त्या भावांना दोन बहिणी. अँटिगनी म्हणते, मी घालणार. दुसरी म्हणते, आपण बायका, आपल्याच्यानं राजाशी भांडण होणार नाही. अँटिगनी जाऊन भावावर माती टाकते, पकडली जाते, आणि राजा तिला जिवंत भुयारात कोंडतो. राजा कोण, तर त्या मुलींचा सख्खा मामा. "बघ," मामा म्हणायचा, "आपल्या पुराणांतही मामा म्हटला की भाचरांच्या जिवावर उठलेला, आणि तिकडेही तेच. आमचं नाव खराब करून ठेवलंय सगळ्यांनी." पण हसून झालं की तो विषय बदलायचा, कारण राजा त्याला कुणासारखा वाटायचा ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्या थिएटरात एवढ्या वर्षांत ती कितीदा उभी राहिली याची पोस्टरं त्यानं जपून ठेवली होती. पलंगाखालून गुंडाळ्या काढायचा, टेबलावर पसरायचा आणि चारी कोपऱ्यांवर कप ठेवायचा. एका पोस्टरवर ती गमबूट घातलेली कामगारीण आणि राजा लष्करी गणवेशात. ते भिंत असतानाचं, आणि त्या प्रयोगाला पहिल्या रांगेतली सरकारी माणसं टाळ्या न वाजवता उठून गेली असं तो सांगायचा. एकात राजा सूट आणि टाय लावून, ते भिंत पडल्यानंतरचं. एकात ती नुसतीच नाचते, बोलत नाही. एकात सगळं गाऊन. "राजाचे कपडे बदलतात," तो म्हणायचा. "ती तीच असते. आणि माझी माती तीच." एकदा त्यानं मला संग्रहालयात नेलं आणि वाचनालयातून चित्रांची जाड पुस्तकंही आणली होती. मला चित्रांतलं काही कळत नाही, पण एक दिसलं. अडीच हजार वर्षं लोक तिची चित्रं काढतायत, पुतळे करतायत. मातीची मूठ घेतलेली, पहारेकऱ्यांनी धरलेली, भुयाराच्या तोंडाशी. दुसरी बहीण कुठे तरी खांबामागे, नाही तर नाहीच. तिचं नावसुद्धा मला दर वेळी विचारावं लागायचं.

गेल्या वर्षी वसंतात तिथे पुन्हा ते नाटक लागलं. मामा निवृत्त झाला होता, पण मातीसाठी त्याला बोलावून घेतलं. नुसती खरी माती चालत नाही, उडते आणि नटांच्या घशात जाते. तो बागेतली माती चाळायचा, त्यात कॉर्कचा चुरा मिसळायचा आणि थोडं पाणी मारून पत्र्याच्या बादलीत झाकून ठेवायचा. त्यानं मला तिकीट दिलं. मी आयुष्यात चार नाटकं बघितली असतील. या प्रयोगात दिग्दर्शकाची कल्पना अशी होती की दुसरी बहीण सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोपऱ्यात टेबलाशी बसून कांदे चिरणार. मधे अँटिगनी ओरडतेय, राजा ओरडतोय, आणि ती ओल्या डोळ्यांनी चिरतेय. पहिल्या दोन रांगांतल्या लोकांच्या डोळ्यांतूनही पाणी यायला लागलं, काही विद्यार्थी हसले. मी मधे काय चाललंय ते बघितलंच नाही. मला तिच्या हाताकडेच बघावंसं वाटत होतं. तूही स्वयंपाकघरात असंच करायचीस, सगळे बोलत असताना पाठमोरी.

नंतर थिएटरच्या कँटीनमध्ये मामा माझ्यासमोर येऊन बसला, हातांना अजून माती. "काय, कसं वाटलं?"

"कांदे खरे होते?"

"गेनाऊ! अगदी खरे. मीच आणतो रोज. कांद्याचं काय घेऊन बसलीस, मातीबद्दल बोल."

"तिनं दोनदा टाकली ना माती?"

तो एकदम पुढे वाकला. "हां. तेच. पहिल्यांदा माती पडते तेव्हा कुणी बघितलेलं नसतं. पहारेकरी येऊन सांगतो, प्रेतावर माती आहे, कुणी घातली ठाऊक नाही. राजा म्हणतो, झाडून टाका. झाडतात. मग ही येते, सगळ्यांसमोर टाकते आणि सापडते. मी तीस वर्षं पडद्याआडून बघतोय. मला वाटतं, ही पहिल्यांदाच आली होती. पहिली मूठ हिची नाहीच."

"मग कुणाची?"

"घरात आणखी कोण होतं?" तो म्हणाला. "दिग्दर्शकाला सांगितलं मी. तो म्हणाला, तू माती चाळ."

ट्रामच्या थांब्यापर्यंत तो सोबत आला. ट्राम आली तेव्हा म्हणाला, "आबांनी मला तेव्हा एक ओळ कळवली होती. घरातल्या सगळ्यांनी तुझ्या नावानं आंघोळ केली, अशी. सगळ्यांनी." मला त्याचा प्रश्न कळला. पण दारं उघडली, मागून माणसं येत होती, आणि मी चढले.

मग मी एक चूक केली. त्याच वर्षी दिवाळीत त्याच्याकडे गेले होते. त्याला बरं वाटावं म्हणून सांगितलं की आई दर भाऊबीजेला गच्चीवर जायची आणि चंद्राला ओवाळायची. मला वाटलं, तो खूश होईल. त्यानं हातातला करंजीचा तुकडा बशीत ठेवला. "चंद्राला," तो म्हणाला, "भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात." मी म्हटलं, ज्यांचा भाऊ लांब असतो त्यासुद्धा. तो म्हणाला, "जा, जा, असेल," आणि उठून चहाचं पाणी ठेवायला गेला. इथे 'जा' म्हणजे हो. पण त्याची पाठ बघून मला समजलं की मी त्याच्या हातातलं होतं ते काढून घेतलं. इतकी वर्षं त्यानं पहिली मूठ कुणाची हे स्वतःशी ठरवून ठेवलं होतं. आता त्याच्या मनात आलं की अक्कानंही धरलं, भाऊ नाही.

या सप्टेंबरात तो आजारी पडला. पोटात होतं आणि उशिरा कळलं. इस्पितळात दाखल होताना नातेवाईक कोण, असं विचारलं तर त्यानं कुणी नाही असं सांगितलं. मी रोज कामावरून जात होते आणि फाइलीत तो एकटा होता. तिथली एक बाई, पेशंटच्या घरच्या गोष्टी बघणारी, मला बाजूला घेऊन म्हणाली, कुणी नसेल तर नंतरचं सगळं महापालिकेचं ऑफिस करतं. जाळून कलश हिरवळीखाली ठेवतात, जागेवर नाव नाही, वेळ कुणाला कळवत नाहीत. तुम्ही भाची आहात ना, मग त्यांनी तसं सांगायला हवं. मी मामाला म्हटलं. तो छताकडे बघत होता.

"राहू दे," म्हणाला. "त्या घरातल्या कुणाची माती नको मला. त्यांनी एकदा घातलीय."

"मी त्या घरातली नाही."

"तू केलीस ना आंघोळ?"

"मामा, मी सात वर्षांची होते."

"केलीस ना?"

"हो."

"मग?" तो हसला, पण चेहरा हसल्यासारखा राहिला नव्हता. थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, त्यानं एकदाचं विचारलं. "अक्कानं केली होती?"

शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याचा रेडिओ चालू होता. मी त्या दिवशी ट्राममध्ये चढले होते तसं या वेळी चढून जाता येणार नव्हतं. मी सांगितलं की तू न्हाणीत गेलीस, कडी लावलीस, पाणी ओतल्याचा आवाज आला. तो डोळे मिटून ऐकत होता. मग मी सांगितलं की संध्याकाळी तू स्टोव्हपाशी बसली होतीस आणि मी झोप आली म्हणून तुझ्या पाठीला टेकले, पदराखालून तुझी वेणी हातात धरली. आणि ती कोरडी होती. पार कोरडी. पाणी तू नुसतं फरशीवर ओतलं होतंस.

मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "अळवाला पाणी घातलं म्हण की." आणि हसला, या वेळी पोटात दुखेपर्यंत, नर्स आली. ती गेल्यावर म्हणाला, "मी सांगत होतो दिग्दर्शकाला. गाढव." आणि मग, "त्या बाईला बोलाव. तुझं नाव लिहू दे. भाची म्हणून नको नुसतं. बहिणीची मुलगी म्हणून लिहायला सांग." इथल्या भाषेत भाचीला एकच शब्द आहे, तिनं तोच लिहिला. पण त्यानं तिच्याकडून ते दोनदा वाचून घेतलं. पुढच्या आठवड्यात तो गेला, पहाटे, मी तिथे नव्हते.

त्या दिवशी मी त्याच्या नावाची आंघोळ केली नाही. रोजची केली, ती नाही. वाटलं, त्याच्या नावानं माझी एकदा झालेली आहे. आणि माणूस गेला की इथे लगेच काही होत नाही. अस्थी घरी देत नाहीत, नदीत सोडू देत नाहीत, तारीख मिळेपर्यंत कलश त्यांच्याकडेच राहतो. म्हणून आज.

आज तिथे मामीबरोबर कपडे शिवणारी एक म्हातारी आली होती, आणि मामाच्या जागेवर आता काम करणारा एक तरुण, त्याच्याबरोबर त्याची बायको. खड्ड्याशेजारी स्टँडवर मातीचं भांडं आणि छोटं फावडं ठेवलेलं होतं. इथे प्रत्येकानं तीनदा माती टाकायची असते. म्हातारीनं पिशवीतून मुरंब्याची बरणी काढली. त्यात मामाची माती होती, बादलीत उरलेली. काळा कोटवाला लगेच पुढे आला. म्हणाला, "त्यात काय आहे?"

"माती."

त्यानं बरणी उजेडात धरून बघितली. "यात कॉर्क आहे. फक्त माती किंवा फुलं टाकता येतात. नियम आहे."

म्हातारी म्हणाली, "हे बघा, तीस वर्षं या मातीनं मेलेल्या माणसाला पुरलंय. तुमच्याकडे एवढा अनुभव आहे का?" तो तरुण हसू दाबत खाली बघायला लागला. कोटवाल्यानं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बरणी माझ्या हातात दिली आणि झाडांकडे तोंड करून उभा राहिला. जणू तिथे काही बघण्यासारखं होतं.

मी हातमोजा काढला. तुला नेलं तेव्हा मला दारातच थांबवलं होतं, बायका येत नाहीत म्हणून. मी पायरीवर उभी राहून फक्त गल्लीच्या वळणापर्यंत बघू शकले. त्यामुळे माणसाला माती कशी द्यायची ते मला माहीत नव्हतं. मूठ भरून घेतली. हलकी होती, मातीपेक्षा फार हलकी. कलशावर पडली तेव्हा आवाजही आला नाही. मग म्हातारीनं टाकली, मग त्या दोघांनी. कॉफी पिताना ती मला म्हणाली की त्यानं शेवटी शेवटी फोनवर तिला काहीतरी सांगितलं होतं, बहिणीच्या केसांचं, पण तिला ते नीट समजलं नाही. मी म्हटलं, मोठी गोष्ट आहे.

आता तुला सांगायचं ते सांगते, एवढ्यासाठीच लिहायला बसले होते. त्या संध्याकाळी तुझी वेणी माझ्या हातात होती का, हे मला खात्रीनं आठवत नाही. स्टोव्हचा आवाज आठवतो, रॉकेलचा वास आठवतो, मऊ भात आठवतो. तू डोक्यावरून पदर घेतला होतास ते नक्की. वेणी आठवते, कोरडी, खोबरेल तेल लावलेली, पण मी तशी झोपायला लागले की रोजच धरायचे. ती कुठल्याही संध्याकाळची असेल. इस्पितळात ते वाक्य तोंडातून निघालं तेव्हा मला ते दिसत होतं, आणि निघाल्यावर जास्त स्पष्ट दिसायला लागलं. कामावर मी मोजल्याशिवाय एक आकडा लिहीत नाही. इथे मी न मोजता सांगितलं, आणि तो ते घेऊन गेला. तू ओलीच असशील तर मला माफ कर. कोरडी असशील तर तुला तसं सांगायलाही कुणी उरलेलं नाही. एवढं मात्र मला कळतं की तू गप्प होतीस म्हणून मी तुझ्यावर इतकी वर्षं राग धरला, आणि गप्प माणसानं कडी लावून आत काय केलं ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, ताटात बघ.

हे पत्र टाकायचं नाहीच आहे. घडी करून चहाच्या डब्याखाली ठेवीन. नखांत अजून कॉर्कचा चुरा आहे, तो साबणानं निघाला नाही. बाथरूममध्ये टॉवेल ठेवून आलेय. इथल्या नळाला गरम पाणी यायला वेळ लागतो, म्हणून मघाशीच सोडून ठेवलंय, आवाज येतोय. वेणी सोडली. उठते.